दुसरे डोळे

पेरांबूर, चेन्नई
५ नोव्हेंबर २००५

हेरंब,

आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही, तेव्हा ते अप्पांकडून आले असं समज.

भाऊबीज झाली. मी पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं, आणि तू आला नाहीस. शेवटी अप्पाच पाटावर बसले. म्हणाले, मला ओवाळ, मीही कुणाचा तरी भाऊच आहे. सत्तरीच्या बापाला ओवाळायची वेळ तू माझ्यावर आणलीस. त्यांनी हसून ओवाळून घेतलं आणि मग बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिले.

हे कागदावर लिहितेय, कारण तुझी मेल मी वाचत नाही. ऑफिसात तुझ्या नावाचं एक फोल्डर केलंय. तू पाठवलेलं सगळं आपोआप त्यात जाऊन पडतं आणि मी ते उघडत नाही. ऑगस्टात जे झालं त्यानंतर माझ्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नकोस.

काय झालं ते तू सोयीने विसरला असशील, म्हणून पुन्हा सांगते. फर्न आपल्या दोघांची होती. एका बुडालेल्या परदेशी कंपनीच्या कॉम्प्युटर सिस्टीमवर तू कॉलेजात असताना जीव जडवलास. तीच सिस्टीम पहिल्यापासून, फुकट, सगळ्यांसाठी, फर्न या नावाने पुन्हा बांधायला बसलेल्या जगभरच्या वेड्यांत तू शिरलास आणि मलाही ओढलंस. ती वापरणारे सगळे लोक एका लग्नाच्या पंगतीत मावतील, तरी आपण वर्षानुवर्षं सुट्ट्या त्यात घातल्या. माहिती आणायचा आणि साठवायचा भाग तू लिहिलास. पडद्यावरची तमिळ आणि देवनागरी अक्षरं मी लिहिली. आणि तुझी प्रत्येक ओळ मी तपासली, कारण फर्नमध्ये एकट्याने लिहिलेलं काही आत जात नाही. दुसऱ्या कुणीतरी ते वाचून खाली 'तपासलं, मान्य' असं लिहावं लागतं. तुझ्या भागाचे 'दुसरे डोळे' म्हणून आजही माझंच नाव आहे. दुसरं कुणी तयारच होत नाही, तुझं लिहिणं इतकं गिचमिड.

मी ऑगस्टात सगळ्यांना एवढंच लिहिलं, की फर्नचा पहिला नियम एका ठिकाणी तरी मोडायला हवा. वापरणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, चुकीच्या चौकटी त्याच्या तोंडावर फेकायच्या नाहीत, नवी माहिती मिळाली नाही तर गुपचूप जुनी दाखवायची. गाण्यांच्या यादीला हे ठीक आहे. पण तू फर्न इथल्या कोवलमपलीकडच्या कुप्पमात, कोळ्यांच्या वाडीत, नेऊन बसवलीस आणि स्वतःही तिथेच मुक्काम ठोकलास. सुनामीनंतर देणगीत आलेले जुनेपुराणे कॉम्प्युटर, त्यांच्यावर दुसरं काही चालतच नव्हतं, हे मान्य. पण तिथे ती उद्याच्या लाटेची उंची सांगते. सरकारी केंद्रातून आकडा येतो, गावच्या माहिती केंद्रातली हेमलता तो कर्ण्यावरून वाचते आणि पुरुष समुद्रात जायचं की नाही ते ठरवतात. तिथे गुपचूप जुना आकडा दाखवणं म्हणजे काय, हे कळायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.

त्यावर तू सगळ्यांदेखत लिहिलंस, की माझ्या बहिणीला घरात सगळ्यांवर ओरडायची सवय आहे, म्हणून तिला ओरडणारा पडदा हवाय. ब्राझीलपासून फिनलंडपर्यंत लोक हसले. मी त्याच दिवशी फर्नची किल्ली, त्यात लिहायची परवानगी, परत केली. ते 'दुसरे डोळे' तेवढे राहिलेत, तेही काढून टाक.

काही म्हणायचं असेल तर कागदावर लिही. तू लिहिणार नाहीस, मला माहीत आहे. लहानपणी माझ्या सायकलची चेन तोडलीस तेव्हाही तू चुकलो म्हणाला नव्हतास. हात काळे करून दोन तास बसलास आणि चेन लावून सायकल दारात आणून उभी केलीस.

अप्पा बरे आहेत. चकल्या उरल्यात.

ताई

*

पेरांबूर
१४ नोव्हेंबर २००५

हेरंब,

काल रविवारी ऑफिसातले आम्ही काही जण कोवलमला गेलो होतो. तुला भेटायला आले होते अशा भ्रमात राहू नकोस. बाकीचे मासे खायला बसले आणि मी सहज पाय मोकळे करत कुप्पमापर्यंत आले. तुला शोधलंही नाही. तू शहरात काहीतरी सामान आणायला गेला आहेस असं हेमलताच आपण होऊन म्हणाली.

मी पोचले तेव्हा कर्णा वाजत होता. लाट दोन फूट, हेमलता आपल्या गोड आवाजात वाचत होती. आणि माझ्या समोर सहा-सात पुरुष एक होडी दोराने वर ओढत होते. पाणी त्यांच्या छातीपर्यंत येत होतं आणि मागे जाताना पायाखालची वाळू घेऊन जात होतं. त्यांच्यातला एकही जण कर्ण्याकडे बघून हसला नाही. त्यावर त्यांचा इतका विश्वास, मला त्याचीच जास्त भीती वाटली.

म्हातारे नारायणस्वामी जाळं दुरुस्त करत बसले होते. मी त्यांना विचारलं, रेडिओ काय म्हणतो. ते म्हणाले, रेडिओ तर पावसाळाभर नागपट्टणमपासून नेल्लूरपर्यंत सावध राहा एवढंच म्हणतो, त्याचं ऐकलं तर चुली पेटायच्या नाहीत. आपल्या किनाऱ्याचं फक्त तम्बीची पेटी सांगते. तुला तिथे सगळे तम्बी, धाकटा भाऊ, म्हणतात. गेल्या वर्षी त्यांचं घर समुद्राने नेलं, हे तू मला सांगितलं होतंस. ते समुद्राकडे पाठ करून बसतात, हे नव्हतं सांगितलं.

मी माहिती केंद्रात गेले. पडद्यावर वर आजची तारीख आणि खाली, माझ्याच अक्षरांत, दोन फूट. फोनची तार जोडलेल्या डब्यावरचा हिरवा दिवा बंद होता. पावसाने लाईन गेलेली. फाईल उघडून बघितली. आकडा मंगळवारचा. तारीख घड्याळ देतं, म्हणून ती रोज बदलत होती. आकडा कुणी देत नव्हतं, म्हणून तो तिथेच बसला होता. आणि फर्नने कुणाला त्रास दिला नाही.

हेरंब, मला माझं खरं झालं म्हणून आनंद झाला नाही. हे तुला खोटं वाटेल.

मी हेमलताला सांगून आलेय, की हिरवा दिवा लागलेला असेल तरच आकडा वाचायचा, नसेल तर कर्णा बंद. तिने ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं आणि लगेच बाकीच्या बायकांनाही सांगितलं. पण हे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखं आहे. छप्पर तू दुरुस्त कर. आकडा जुना असेल तर पडद्याने तो जुना आहे असं मोठ्या अक्षरांत सांगितलं पाहिजे. चार ओळींचं काम आहे. तू लावलेली आडकाठीही कळली मला. सप्टेंबरात तू न तपासलेला कच्चा माल त्या मशीनवर घातलास, कर्णा मुका झाला, बायकांनी तुला शिव्या घातल्या आणि तू नारायणस्वामींना शब्द दिलास, की 'मान्य' लिहिल्याशिवाय यापुढे त्या मशीनला काही लावणार नाही. शब्द पाळ, चांगली गोष्ट आहे. पण आधी काहीतरी लिही तरी. आणि तपासायला त्या हसणाऱ्या ब्राझीलवाल्याला सांग.

परत येताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती म्हणून पाय पसरून बसता आलं. खिडकीतून समुद्र दिसत होता तोवर मी दुसरीकडे बघत होते.

ताई

*

पेरांबूर
१ डिसेंबर २००५, सकाळ

हेरंब,

काल तू आलास आणि मला नेमकं ऑफिसात काम निघालं. अप्पांचा फोन आला होता, पण सुटता आलं नाही. मी आले तेव्हा तू बाहेरच्या खोलीत चटईवर झोपला होतास. पाय चटईबाहेर, तोंड उघडं, अगदी शाळेत होतास तसा. उठवायचं जिवावर आलं. सकाळी मी उठायच्या आत तू गेलेलास. पहिली बस पकडायची म्हणालास म्हणे.

अप्पांनी सगळा वृत्तांत दिला. तू आमटीभात पोटभर जेवलास, चकल्या संपवल्यास, सारखा ताई कधी येईल असं विचारत होतास. मग म्हणालास, मला ताईचा फक्त एक होकार हवाय, बाकी सगळं तयार आहे. अप्पांनी आनंदाने विचारलं, मुलगी कोण? त्यावर तू इतका हसलास की तुला ठसका लागला. ते अजून त्याच आशेवर आहेत.

कसला होकार ते तू त्यांना सांगितलं नाहीस. माझ्या दोन्ही पत्रांना एका ओळीचं उत्तर नाही आणि होकार मागायला मात्र स्वारी दारात. आधी उत्तर दे. मग बघू.

पाऊस थांबलाय. वाराही अगदी पडलाय. दोरीवरचे कपडे सरळ खाली लटकताहेत, एक बाही हलत नाही. अप्पा चहा घेता घेता दोनदा बाहेर जाऊन आकाश बघून आले. हे काही बरं लक्षण नाही म्हणाले. मला ऑफिसला उशीर होतोय. हे पत्र वाटेत पेटीत टाकते.

ताई

*

कुप्पम. तुझ्या टेबलावरून
१ डिसेंबर, संध्याकाळ

हेरंब,

सकाळचं पत्र पेटीत पडलं नाही. ते माझ्या पर्समध्येच आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितेय, कारण तुझ्या खोलीत कागद म्हणून सापडत नाही.

आधी दोन गोष्टी. काल मला काही काम नव्हतं. अप्पांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघालेच होते. मी टी. नगरला उतरले आणि एका साडीच्या दुकानात जाऊन बसले. गादीवर बसून एकामागून एक साड्या उलगडायला लावल्या, मला त्यातली एकही घ्यायची नव्हती. दुकानदार दिवे मालवायला लागला तेव्हा उठले. तू वाट बघून कंटाळावंस, असं मला वाटत होतं. तू कंटाळला नाहीस, थांबलास. तू तिथे थांबलास म्हणून काल रात्री इथे नव्हतास. आणि त्या रविवारी माझ्याबरोबर ऑफिसातलं कुणी नव्हतं. मी एकटीच आले होते, तुलाच भेटायला.

आज दुपारी मी जॉर्ज टाउनात कागद घ्यायला गेले. तुला लिहायचाच कागद संपला होता. दुकानदार रिमांवर प्लॅस्टिक घालत होता. बंदरावर वादळाचा बावटा वर चढलाय, पाच नंबरचा, सकाळीच चढवला, तो म्हणाला. मी कागद न घेताच परत आले आणि ऑफिसात ते फोल्डर उघडलं.

तू लिहीत होतास. मी तुला कागदावर लिही म्हणत होते आणि तू मला तुझ्या रीतीने उत्तर देत होतास. सोळा नोव्हेंबरची मेल: 'ताई, पत्र मिळालं. तुझं बरोबर आहे, सगळ्यांना तसं लिहिलंय. पण तुझा दिवा पुरा पडत नाही. फोनची लाईन चालू असली की दिवा लागतो, पलीकडे सरकारी मशीनच अडकलं असलं तर आकडा शिळाच राहतो. काल तसं झालं. बदल लिहून जोडलाय. दुसरे डोळे तुझे. बघ.' मग अठराची, बघितलंस का. मग बाविसाव्या तारखेची, ब्राझीलवाला म्हणतो त्याला हा भाग कळत नाही, तुझ्याशिवाय कुणी नाही. मग नुसतं 'ताई?' आणि परवाची, 'मीच येतो.'

इथे फोन लावला तर लाईन गुंतलेली. ती गुंतलेलीच असणार, तुझी पेटी सरकारी मशीनचं दार वाजवत बसली होती. मोबाईल तू घेत नाहीस. मी बस पकडली. या वेळी समुद्र दिसत होता तोवर मी त्याच्याकडेच बघत होते.

बायका सगळ्या किनाऱ्यावर होत्या. हेमलता मला बघून धावत आली, आणि मला वाटलं ती रडेल किंवा चिडेल. ती फक्त म्हणाली, "विळक्कु एरिंजुदु, अक्का. नींगदाने सोन्नींग." दिवा लागलेला होता, अक्का. तुम्हीच सांगितलं होतं ना.

काल संध्याकाळी दिवा लागलेला होता. आकडा होता दोन फूट. तिने वाचला आणि पहाटे होड्या गेल्या.

पुढचं तिनेच सांगितलं. तू सकाळच्या बसने आलास, पडद्याकडे बघितलंस, फाईल उघडलीस आणि खाली किनाऱ्यावर धावलास. एकटे नारायणस्वामीच आज गेले नव्हते, त्यांचं इंजिन खोललेलं होतं. तुम्ही दोघांनी ते जोडलंत. म्हातारा वर्षभरात पहिल्यांदा समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि तुला घेऊन बाकीच्यांना परत बोलवायला निघाला. तुला नीट पोहता येत नाही. हे तू त्यांना सांगितलंस का?

दुपारपासून होड्या परत येताहेत. एकेक येते, लाटेवर आडवी होते, बायका पाण्यात शिरून तिला ओढतात. आलेल्या प्रत्येकाला मी विचारलं. प्रत्येकजण तेच सांगतो, की तम्बी ओरडत आला, परत फिरा म्हणाला आणि पुढच्याला सांगायला गेला. पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. पहाटे गेलेल्या सगळ्या होड्या आता परत आल्या. यायची आहे ती तुम्हा दोघांची.

लाटा आता कर्ण्याच्या खांबाच्या चौथऱ्याला लागताहेत. पडद्यावर मी आले तेव्हा आजची तारीख होती आणि खाली दोन फूट.

मला किनाऱ्यावर नुसतं उभं राहवेना. तुझ्या खोलीत आले आणि तुझं मशीन चालू केलं. वीज गेलीय, इथलं आणि केंद्रातलं सगळं बॅटरीवर चालू आहे. बदल तिथेच होता. वर लिहिलेलं: दुसरे डोळे, अलकनंदा, वाट बघतोय. मी तो वाचला. ओळ न् ओळ वाचला, नेहमीसारखा. एकही ओळ सोडली नाही, कारण घाईने वाचून 'मान्य' लिहिलं तर तू दिलेल्या शब्दाला काय अर्थ. तुझं लिहिणं अजून गिचमिड आहे. पण चूक नाही त्यात. तारीख आता घड्याळाची नाही, आकड्याची आहे. आकडा शिळा असेल तर तो झाकला जातो आणि लाल पट्टी येते.

पट्टीवरचं पहिलंच वाक्य 'क्षमा करा' असं आहे. 'मन्निक्कवुम्', माझ्याच तमिळ अक्षरांत. एरवी मी ते खोडलं असतं. पडद्याने माफी मागायची नसते, काय झालंय ते सांगायचं असतं, असं तुला चारचौघांत सुनावलंही असतं. पण तू आजवर कुणाला हा शब्द म्हटलेला मी ऐकला नाही. मी तो राहू दिला.

मग सीडीवर घेऊन माहिती केंद्रातल्या मशीनला लावलं. दोन फूट गेलं. लाल पट्टी आली: क्षमा करा. आजचा अंदाज मिळालेला नाही. शेवटचा आकडा रविवारचा आहे. समुद्रात जाऊ नका.

हेमलताने ते वाचलं आणि कर्ण्याचं बटण दाबलं. मी म्हटलं, आता कुणाला सांगतेस, सगळे तर किनाऱ्यावरच आहेत. ती म्हणाली, त्यांना नाही, बाहेर आहेत त्यांना. अंधार पडला की त्यांना किनारा दिसणार नाही, ऐकू तर येईल. आता चार जणी खांबावर चढल्यात. कर्ण्याचं तोंड गावाकडे असतं, ते त्यांनी दोर लावून समुद्राकडे फिरवलंय. हेमलता तीच चार वाक्यं पुन्हापुन्हा वाचतेय. तिचा आवाज बसत आलाय. तिच्यानंतर मी वाचणार आहे. माझं तमिळ तुझ्यापेक्षा बरं आहे आणि ओरडायची मला सवय आहे.

हे पत्र तुझ्या कीबोर्डवर ठेवून जाते. तू आलास की आधी हे वाचशील. अंग पुसायच्याही आधी वाचशील, तू तसाच आहेस. तेव्हा हवा होता तो होकार घे.

तपासलं. मान्य.

दुसरे डोळे,
अलकनंदा